हात धरताना

मराठी भाषेने हाताकडून जितकी कामे करून घेतली आहेत, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या अवयवाकडून घेतली असतील. आपण मदतीला हात देतो, कामाला हात लावतो, मुलीचे हात पिवळे करतो, आणि संकटात कोणी हात दिला तर तो जन्मभर विसरत नाही. लहान मुलाच्या बाबतीत मात्र आपली भाषा हातापाशी न थांबता बोटापर्यंत जाते. मूल चालायला शिकते ते कोणाचे तरी बोट धरून. आजोबांचे बोट धरून ते देवळात जाते, आईचे बोट धरून बाजारात जाते. बोट धरणारे मूल असते आणि बोट देणारा वडीलधारा असतो. पकड मुलाची असल्यामुळे त्याचा तोल गेला किंवा मन दुसरीकडे ओढले गेले, तर मूठ आपोआप सुटते. रस्ता ओलांडायचा असतो, जिना उतरायचा असतो, रिक्षा थांबून राहिलेली असते, तेव्हा मात्र आपण बोट काढून घेतो आणि मुलाचे मनगट धरतो. मग पकड आपली होते, आणि ती सुटत नाही.

या न सुटणाऱ्या पकडीतून कधी कधी जी एक छोटी दुखापत होते, तिच्याविषयी चार शब्द लिहावे असे बरेच दिवस मनात होते. विषय वैद्यकाचा आहे आणि आम्ही वैद्य नव्हे. पण घराण्यात, शेजारात आणि आप्तांत या दुखापतीचे प्रसंग आम्ही जवळून पाहिले आहेत, जाणत्या डॉक्टरांकडून तिची माहिती करून घेतली आहे, आणि या पत्रिकेचे बहुसंख्य वाचक आज आजी-आजोबा झालेले आहेत हेही आम्हाला ठाऊक आहे. मुले-सुना पुण्याला, बंगळूरला किंवा परदेशी. नातवंडे इंदूरला येतात ती दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत, दोन-तीन आठवड्यांपुरती. वर्षभराची माया त्या दिवसांत उतू जाते. मुलाला उचलून घेण्याची, फिरवण्याची, गरगर खेळवण्याची हौस असते आणि हातांचा सराव मात्र गेलेला असतो. अशा घरांत ही दुखापत पाहुणी म्हणून केव्हाही येऊ शकते.

इंग्रजीत तिला 'पुल्ड एल्बो' म्हणजे ओढले गेलेले कोपर म्हणतात. आपल्याकडे 'हात उतरला', 'हात निखळला', 'कोपर सरकले' असे सरसकट शब्द वापरले जातात. प्रत्यक्षात घडते ते असे. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड, ज्याला डॉक्टर रेडियस म्हणतात, त्याचे वरचे टोक कोपरात एखाद्या लहानशा गोल गादीसारखे असते. हात उताणा-पालथा करताना ही गादी जागच्या जागी फिरते. ती जागेवर राहावी म्हणून तिच्या मानेभोवती अस्थिबंधाचे एक कडे असते. बांगडी मनगटाभोवती असावी तसे. मोठ्या माणसात हे कडे हाडाला घट्ट जखडलेले असते. लहान मुलात त्याची खालची पकड पातळ आणि नाजूक असते. हात सरळ आणि पालथा असताना लांबीच्या दिशेने अचानक ओढ बसली, तर हाड किंचित खाली येते, कडे त्याच्या डोक्यावरून वर घसरते आणि ओढ थांबताच दोन हाडांच्या फटीत चिमटले जाते. हाड मोडत नाही, सांधा पुरता निखळत नाही. कापडाची कड दाराच्या फटीत अडकावी तसे ते कडे अडकून बसते.

पूर्वी असा समज होता की, लहान मुलात या हाडाचे डोके मानेइतकेच बारीक असते, म्हणून कडे सहज निसटते. टोरांटोचे अस्थिशल्यविशारद रॉबर्ट सॉल्टर आणि त्यांचे सहकारी झाल्ट्झ यांनी 1971 साली शवविच्छेदनाच्या आधारे केलेला अभ्यास प्रसिद्ध केला आणि दाखवून दिले की, डोके लहान मुलातही मानेपेक्षा रुंदच असते; कच्ची असते ती कड्याची खालची पकड. पाचव्या वर्षाच्या सुमारास ती पकड जाड आणि बळकट होते. म्हणून ही दुखापत प्रामुख्याने एक ते चार वर्षांच्या मुलांत दिसते, दोन-तीन वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त, आणि पाचाच्या पुढे ती विरळ होत जाते. डावा हात अधिक वेळा सापडतो, कारण बहुतेक माणसे उजव्या हाताने मुलाचा हात धरतात आणि शेजारून चालणाऱ्या मुलाचा तो डावा हात असतो. मुलींत ती थोडी अधिक आढळते.

ती होते कशी, याची यादी केली तर आपल्या घरातला एक संपूर्ण दिवसच समोर उभा राहतो. जिन्याच्या पायरीवरून घसरणाऱ्या मुलाला हाताने वर ओढून धरणे. हट्टाने जमिनीवर बसकण मारणाऱ्या पोराला एका हाताने उठवणे. दोन मोठ्यांनी मुलाचा एकेक हात धरून मध्ये झोका देणे. दोन्ही हात धरून गरगर फिरवणे. तंग बाहीच्या झबल्यातून हात ओढून काढणे. गटारावरून किंवा डबक्यावरून मुलाला हाताने उचलून पलीकडे ठेवणे. क्वचित सहा महिन्यांच्या आतले बाळ स्वतः कुशीवर वळताना हात अंगाखाली आल्यानेही हे घडते. तेथे तर कोणी ओढलेलेही नसते. या यादीत रागाचा किंवा मारहाणीचा मागमूस नाही, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. यातली निम्मी कामे मुलाला पडण्यापासून वाचवण्याची आहेत आणि उरलेली त्याला हसवण्याची.

ओळखण्याच्या खुणाही ठरलेल्या आहेत. ओढ बसताच मूल किंचाळते, थोडा वेळ रडते आणि मग आश्चर्य वाटावे इतके शांत होते. तो हात मात्र ते वापरत नाही. हात अंगालगत, कोपरात जरासा वाकलेला, तळवा मागे किंवा खाली, असा लोंबत राहतो. काही मुले दुसऱ्या हाताने त्याला आधार देतात. बिस्किट पुढे केले तर मूल चांगला हात पुढे करते. सूज नसते, काळेनिळे झालेले नसते, आकार बदललेला नसतो. हात उताणा करू गेले की मूल पुन्हा ओरडते. दुखते कोठे असे विचारले तर कधी मनगट दाखवते, कधी खांदा, आणि त्यामुळे घरचे लोक भलत्याच जागी तेल चोळत बसतात.

आता जे दोन प्रसंग सांगायचे आहेत, त्यांतला पहिला 1996 सालचा. आमच्या जुन्या वाड्यात तेव्हा पाच बिऱ्हाडे होती. समोरच्या बिऱ्हाडात दीड वर्षाची नात होती आणि तिला सांभाळायला देवासकडची एक मध्यमवयीन बाई दिवसभर येत असे. बाई गरीब, अबोल आणि पोरीवर जीव टाकणारी होती. एका दुपारी पोर झोपून उठली ती हात हलवीना. घरात हलकल्लोळ झाला. काकूंनी बाईला विचारले, "काय केलंस हिला?" बाई घाबरली. म्हणाली, "मला ठाऊक नाही." पुन्हा विचारले तेव्हा म्हणाली, "झोपेत पडली असेल." पडल्याचे नाव निघताच सर्वांच्या मनात हाड मोडल्याची भीती शिरली. पोरीला एका दवाखान्यात नेले. तेथल्या डॉक्टरांनीही पडली म्हणून एक्स-रे काढायला सांगितले, आणि त्या हकीकतीवर ते योग्यच होते. फोटो काढताना तंत्रज्ञाने हाताची योग्य बाजू यावी म्हणून तो उताणा केला. पोर एकदा मोठ्याने रडली. फोटो निर्दोष आला, आणि बाहेर येऊन पाहतो तो ती दोन्ही हातांनी काकांच्या खिशातले पेन काढीत होती.

असे होते, हे आम्हाला पुढे कळले. फोटोसाठी हात उताणा करतानाच अडकलेले कडे कित्येकदा आपोआप जागेवर जाते. त्या दिवशी मात्र कोणालाच काही उलगडले नाही. पोर बरी झाली होती, तरी घराचे समाधान झाले नव्हते. काहीतरी झाले होते आणि बाईने ते लपवले होते, एवढाच अर्थ निघाला. दुसऱ्या दिवशी तिचा हिशेब करून तिला घरी पाठवले. त्याच दिवशी सकाळी पोरीचे बाबा आणि काका यांनी तिचे दोन हात धरून अंगणात तिला झोके दिले होते आणि ती थांबवताच रडली होती, हे साऱ्या वाड्याने पाहिले होते. अजून झोके हवेत म्हणून रडते, असे सगळे हसून म्हणाले होते. त्या रडण्याचा आणि दुपारच्या हाताचा संबंध होता की नव्हता हे आता कोणीच सांगू शकणार नाही. पण तो असू शकेल, एवढा विचारही कोणाच्या मनात आला नाही.

दुसरा प्रसंग 2011 सालच्या अनंत चतुर्दशीचा. इंदूरच्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी गिरण्यांच्या झांक्यांची मिरवणूक त्या रात्री निघते, हे इंदूरकरांना सांगायला नको. आमचे एक आतेबंधू आपल्या सव्वादोन वर्षांच्या नातवाला घेऊन ती पाहायला राजवाड्याकडे गेले होते. आम्ही बरोबर होतो. गर्दीचा एक लोंढा आला, मुलाचा पाय पदपथावरून खाली गेला, आणि दादांनी त्याला मनगटाला धरून वर ओढले. तसे केले नसते तर मूल पायांखाली आले असते. मुलाने टाहो फोडला, मग ते आजोबांच्या खांद्यावर डोके टेकून गप्प झाले. डावा हात लोंबत होता.

दादा पांढरेफटक पडले. त्यांच्या पिढीत मुलाचा हात असा लुळा पडला की एकच रोग डोळ्यांपुढे येई. त्यांच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीचा पाय पोलिओने गेलेला होता. त्याच वर्षीच्या जानेवारीत देशातला शेवटचा पोलिओरुग्ण नोंदवला गेला आणि 2014 साली भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, हे आज आपण सहज म्हणतो. त्या रात्री ते कोणाला ठाऊक होते? आम्ही गर्दीतून वाट काढीत एका ओळखीच्या बालरोगतज्ज्ञांच्या घरी गेलो.

डॉक्टरांनी मुलाच्या हाताला आधी स्पर्शही केला नाही. दुरूनच त्याची बसण्याची ढब पाहिली आणि विचारले, "आजोबा, कसं झालं?" दादांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, "मी ओढला. मनगटाला धरून वर ओढला." डॉक्टर म्हणाले, "पडला नाही ना? कुठे आपटला नाही?" "नाही." "मग काळजी करू नका. हे सांगितलंत तिथेच अर्धं काम झालं."

त्यांनी मुलाला आजोबांच्या मांडीवर समोर तोंड करून बसवले. खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत एकेक जागा हळूच दाबून पाहिली. मग एका हाताने कोपर खालून तोलून धरले, अंगठा त्या गादीच्या जागी ठेवला, दुसऱ्या हाताने मनगट धरून हात आणखी पालथा फिरवला. मूल रडले. डॉक्टरांच्या अंगठ्याला एक बारीकसा 'टक्' जाणवला असे ते म्हणाले. आम्हाला काही ऐकू आले नाही. साऱ्या उपचाराला लागलेला वेळ श्वास आत घेऊन बाहेर सोडण्याइतका होता. नंतर त्यांनी आम्हाला बाहेरच्या खोलीत बसायला सांगितले आणि मुलाच्या डाव्या बाजूला, थोडे उंचावर, एक पेढा धरायला सांगितले. दहा-बारा मिनिटांनी डावा हात उठला आणि पेढा गेला. दादा तेव्हा रडले.

उपचाराच्या दोन पद्धती आहेत असे डॉक्टरांनी त्या रात्री सांगितले. जुनी पद्धत हात उताणा करून कोपर खांद्याकडे पूर्ण वाकवण्याची; दुसरी त्यांनी केली ती, हात अधिक पालथा फिरवण्याची. पुढे 2017 साली या विषयावरच्या प्रयोगांचा जो एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात पालथ्या पद्धतीला झुकते माप मिळाले. उताण्या पद्धतीत पहिला प्रयत्न सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांत फसला होता, पालथ्या पद्धतीत सुमारे दहाव्या हिश्श्यात. एका पद्धतीने काम झाले नाही तर डॉक्टर थोडे थांबून पुन्हा किंवा दुसऱ्या पद्धतीने करतात. अर्ध्या तासात मूल हात वापरू लागले की पुढे प्लास्टर लागत नाही, गळ्यात झोळी लागत नाही, औषधही बहुधा लागत नाही. दुखापत होऊन बरेच तास लोटले असतील तर हात मोकळा व्हायला थोडा अधिक वेळ जातो. हकीकत स्पष्ट असली आणि हात वर सांगितल्याप्रमाणे असला तर एक्स-रेचीही गरज नसते. त्या हाडाचे टोक चार-पाच वर्षांपर्यंत बहुधा कूर्चेचेच असते, ते फोटोत दिसत नाही, आणि कड्याचा तर फोटोत मागमूसही नसतो.

नातू बरा झाल्याचे कळले तेव्हा जुन्या वाड्यातल्या त्या काकू त्याला पाहायला आल्या. वाडा तोवर पडून तेथे इमारत उभी राहिली होती. काकू मुलाकडे राहत होत्या. दादांनी सारी हकीकत सांगितली: ओढ, कडे, टक्, पेढा. काकू ऐकत होत्या. पेढ्यापाशी सगळे हसले, त्या हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पोरीचं तेव्हा हेच झालं होतं." कोणी काही बोलले नाही. मग त्यांनी विचारले, "ती बाई कुठे असते हो आता?" कोणालाच ठाऊक नव्हते. देवासकडे कोठेतरी, एवढेच. पुढे वर्षभर त्या दुधवाल्याला, भाजीवालीला, जुन्या मोलकरणींना विचारीत राहिल्या, हे आम्हाला माहीत आहे. पत्ता लागला नाही.

या दोन प्रसंगांकडे शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे एक गोष्ट टोचल्यावाचून राहत नाही. दुखापत तीच. एका घरात ती आजोबांच्या हातून झाली, तेव्हा सर्वांनी आजोबांना पाणी दिले, धीर दिला, आणि आजही ती गोष्ट कौतुकाने सांगितली जाते. दुसऱ्या घरात ती कोणाच्या हातून झाली हे कळलेच नाही, तरी शिक्षा ठरली, आणि ती ज्या हाताला पगार मिळत होता त्या हाताच्या वाट्याला आली. इंग्रजी भाषेने तर हा निवाडा नावातच करून ठेवला आहे. 'पुल्ड एल्बो' हे नाव सरळ आहे. पण त्याहून प्रचलित नाव 'नर्समेड्स एल्बो', म्हणजे दाईचे कोपर. कोपर मुलाचे आणि नाव दाईचे! साहेबाच्या घरी मुलांना फिरायला नेणारी दाई असे, म्हणून तिच्या हातून हे अधिक घडत असेल. पण आईच्या हातून घडले तेव्हाही नाव दाईचेच राहिले. फ्रेंच शल्यविशारद शासेन्याक यांनी 1856 साली याच दुखण्याचे वर्णन लहान मुलांचा वेदनामय पक्षाघात असे केले होते. त्या नावात निदान चुकले होते, पण निदान कोणा माणसावर आळ तरी नव्हता.

दोषारोपाचा प्रश्न केवळ न्याय-अन्यायाचा असता तर तो आम्ही येथे इतका लांबवला नसता. तो उपचाराचाही प्रश्न आहे. या दुखापतीत डॉक्टरांजवळ फोटोचा आधार नसतो, रक्ताच्या तपासणीचा नसतो. त्यांच्याजवळ असते ती मुलाची ढब आणि सोबतच्या माणसाने सांगितलेली हकीकत. 'ओढला' आणि 'पडला' या दोन शब्दांनी पुढची वाट बदलते. भेदरलेले माणूस नेमका हा शब्द बदलते. बाई 'पडली असेल' म्हणाली ती लबाडीने नव्हे, भीतीने. पडण्यात कोणाचा हात नसतो, म्हणून ते म्हणणे तिला सुरक्षित वाटले. परिणामी पोरीला दोन तास अधिक वेदना झाल्या, घराला नाही त्या मोडक्या हाडाची धास्ती पडली, आणि खरे कारण त्या दिवशी कोणालाच कळले नाही.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. जे मूल खरोखर पडले आहे, हातावर आपटले आहे, ज्याच्या कोपराला सूज आहे, आकार बदलला आहे, बोटे थंड किंवा फिकट पडली आहेत, त्याचा हात घरात कोणीही वळवून पाहू नये. मुलांत कोपराच्या वरच्या बाजूला हाड मोडणे ही नित्याची गोष्ट आहे, आणि तेथे हात फिरवला तर शिरेला किंवा मज्जातंतूला इजा होऊ शकते. अशा मुलाला कामट्या लावून घट्ट बांधण्यातला धोका तर अधिकच मोठा. आतून सूज वाढते, बाहेरून पट्टी आवळते, रक्त पोचत नाही आणि स्नायू मरून हात कायमचा आखडतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमान यांनी 1881 साली या आखडण्याचे वर्णन केले. ते आजही त्यांच्याच नावाने ओळखले जाते. आमच्या माळव्यात हाड बसवायला पहिलवानाकडे जाण्याची चाल जुनी आहे, आणि हैदराबादकडच्या मंडळींना पुत्तूरच्या पट्ट्या परिचित असतील. या लोकांच्या बोटांत पिढ्यांचे कसब असते, हे आम्ही नाकारीत नाही. सरकलेले कोपर त्यांच्यातल्या पुष्कळांनी क्षणात बसवले असेल. पण सरकलेले कोणते आणि मोडलेले कोणते, हे ओळखण्यातच सारे आहे, आणि तेथे चूक झाली तर ती मुलाला जन्मभर पुरते. म्हणून अशा वेळी तेल नको, शेक नको, मालीश नको. हात जसा आहे तसा आधार देऊन डॉक्टरांकडे न्यावे हे बरे.

आणखी एक नाजूक गोष्ट. डॉक्टर कधी कधी तोच प्रश्न दोनदा विचारतात, वेगवेगळ्या माणसांना विचारतात. त्याचा राग मानू नये. हकीकत आणि दुखापत जुळत नसेल, अंगावर इतर खुणा असतील, तर मुलाला घरातच कोणी इजा करीत नाही ना हे पाहणे त्यांचे कर्तव्य असते. नुसते सरकलेले कोपर हा मारहाणीचा पुरावा मानला जात नाही, कारण ते कसे होते हे त्यांना पुरते ठाऊक असते.

ज्या मुलाचे कोपर एकदा सरकले, त्याचे पुन्हा सरकण्याचा संभव असतो. साधारण पाचांतल्या एकाला हा अनुभव पुन्हा येतो. पुन्हा झाले तरी त्याने हात अधू होत नाही. कडे वयाबरोबर बळकट होत जाते. खबरदारी फार मोठी नाही. मुलाला उचलायचे तर काखेत दोन्ही हात घालून उचलावे. अंगरखा घालताना बाहीत आपला हात घालून मुलाची मूठ बाहेर आणावी, बाही ओढावी. मूल ओढू नये. दोन हातांचे झोके पाच वर्षांपर्यंत तहकूब ठेवावे. पाठीवर घोडा-घोडा करायला कोणाची हरकत नाही. गर्दीत जायचे असेल तर मुलाला कडेवर घ्यावे. आणि घरात मुलाला सांभाळणारी जी जी माणसे असतील, आजी असो, पाळणाघरातल्या ताई असोत की कामाला येणारी बाई असो, त्या साऱ्यांना ही माहिती एकत्र बसवून सांगावी. सांगताना हेही सांगावे की, असे झाले तर लगेच सांगा, कोणी रागावणार नाही. हे दुसरे वाक्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि ते पाळणे अधिक अवघड आहे.

एवढे करूनही एखाद्या दिवशी रस्त्यात मूल धावेल आणि आपण त्याचे मनगट धरून त्याला मागे ओढू. ओढलेच पाहिजे. गाडीखाली जाणाऱ्या मुलापुढे कोपराची किंमत काहीच नाही. मग हात लोंबला तर घरात येताच 'कोणी केले?' असे विचारण्याची आपल्याला जी सवय आहे, ती तेवढी आवरावी. 'कसे झाले?' असे विचारावे. हाच प्रश्न डॉक्टर विचारतात, आणि ज्या घरात तो शांतपणे विचारला जातो, तेथे त्याचे उत्तरही बहुधा खरे मिळते.